मोपाहून लिस्बन किती लांब? अंतर आणि वेळ घरच्या घरी काढण्याची रीत

म्हापशात माझं विमानाच्या तिकिटांचं कार्यालय आहे. बोटीवर जाणारे तारवटी, आखातात नोकरी करणारे, पोर्तुगीज पासपोर्ट काढून लिस्बनला किंवा इंग्लंडातल्या स्विंडनला घर केलेले, आणि लेकीच्या बाळंतपणासाठी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या आया, असे सगळे माझ्याकडे येतात. खुर्चीवर बसल्या बसल्या पहिला प्रश्न ठरलेला असतो: "बाय, किती तास लागतात?"

या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न गुंतलेले आहेत. दोन विमानतळांमधलं अंतर किती, विमान हवेत किती तास असणार, आणि घराचं दार ओढून घेतल्यापासून तिकडच्या घराची घंटा वाजवेपर्यंत किती तास जाणार. तिन्ही आकडे वेगवेगळे काढावे लागतात. फोनवर एका क्षणात काहीतरी आकडा मिळतो, पण तो यांतला कुठला हे तिथे सांगितलेलं नसतं. म्हणून माझी रीत इथे सविस्तर लिहिते. कागद, पेन्सिल, गणकयंत्र आणि जमल्यास शाळेतला पृथ्वीगोल, एवढं पुरे.

आधी विमानतळ नक्की करा

गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. मुरगाव तालुक्यातला दाबोळी आणि पेडणे तालुक्यातला मोपा, म्हणजे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. मोपाहून ५ जानेवारी २०२३ रोजी विमानं सुरू झाली. तिकिटावर दाबोळीची खूण जीओआय असते आणि मोपाची जीओएक्स. एका अक्षराचा फरक आहे, नजर सरावलेली नसेल तर सहज निसटतो. तिकीट हातात आल्यावर सर्वांत आधी ते तिसरं अक्षर वाचा.

आता दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांश लिहून घ्या. ते दशांशात घ्या, हिशेब सोपा जातो. मोपा १५.७४ उत्तर, ७३.८६ पूर्व. दाबोळी १५.३८ उत्तर, ७३.८३ पूर्व. लिस्बन ३८.७७ उत्तर, ९.१३ पश्चिम. दोहा २५.२७ उत्तर, ५१.६१ पूर्व. मायामी २५.७९ उत्तर, ८०.२९ पश्चिम. तुम्हाला हवं ते गाव यात नसेल तर फोनवरच्या नकाशात विमानतळावर बोट दाबून धरा, दोन आकडे समोर येतात. पश्चिम रेखांशाच्या आकड्याआधी तिथे उणे चिन्ह असतं.

गोल आणि धागा

गणिताआधी धागा घ्या. माझ्या टेबलावर पृथ्वीगोल आहे आणि त्याच्या दांड्याला शिवणाचा लाल धागा बांधलेला आहे. धाग्याचं एक टोक गोव्यावर, दुसरं जिथे जायचं तिथे, आणि मधे धागा घट्ट ताणायचा. ताणलेला धागा जी वाट धरतो ती गोलावरची सर्वांत जवळची वाट. भूगोलात तिला बृहद्वृत्त म्हणतात. लांबच्या उड्डाणांची आखणी याच वाटेच्या आसपास होते.

हे का करायचं ते मायामीच्या उदाहरणाने कळतं. मायामी हे जगातल्या मोठ्या क्रूझ बंदरांपैकी एक, त्यामुळे आमच्या तारवट्यांना तिथे रुजू होण्याची पत्रं खूप येतात. गोवा पंधराव्या-सोळाव्या अक्षांशावर, मायामी सव्वीसाव्याच्या जवळ. भिंतीवरच्या सपाट नकाशात पट्टी ठेवली तर रेघ आखाती देश, सहारा आणि मग अटलांटिक अशी जवळजवळ आडवी जाते. गोलावर धागा ताणा. तो वायव्येकडे चढत जातो, युरोप ओलांडतो, स्कॉटलंड आणि फेरो बेटांच्या मधून साठाव्या अक्षांशाला टेकतो आणि मग अमेरिकेकडे उतरतो. ओस्लो शहर साधारण त्याच अक्षांशावर आहे. दोन उष्ण जागांमधली जवळची वाट एवढ्या थंड आकाशातून जाते.

अंतरातला फरकही लहान नाही. धाग्याच्या वाटेने मोपा ते मायामी सुमारे १४,६०० किलोमीटर भरतं. नकाशावर पट्टी ठेवून आखलेल्या रेघेने गेलं तर १६,००० च्या वर. चौदाशे किलोमीटर जास्त, म्हणजे विमानाचे पावणेदोन तास. सपाट नकाशात ध्रुवांकडचा भाग ताणून मोठा दाखवलेला असतो, त्यामुळे खरी जवळची वाट तिथे वाकडी आणि लांब दिसते. बोटीवरून आलेल्या मुलांना मी हा धागा दाखवते तेव्हा डेकवर काम करणारे लगेच मान हलवतात, कारण जहाजाच्या नकाशावर त्यांनी हे पाहिलेलं असतं. गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, किंवा केबिन सांभाळायला असलेली मुलं मात्र थबकून बघतात. ती वाट आपल्या बोटाने पुन्हा काढून बघणारी मुलं मला फार आवडतात.

धाग्याने अंतरही मोजता येतं. गोलाचा व्यास ३० सेंटीमीटर असेल तर त्याचा घेर सुमारे ९४ सेंटीमीटर. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर. म्हणजे धाग्याचा एक सेंटीमीटर सुमारे ४२५ किलोमीटरचा. मोपा ते लिस्बन धागा साडेएकोणीस सेंटीमीटरच्या किंचित पुढे जातो. गुणाकार करा, ८,३०० च्या आसपास उत्तर येईल. घरातल्या मुलांना कामाला लावायचं असेल तर हे करून घ्या. भूगोलाचा एक धडा त्यात आपोआप होतो.

गणकयंत्रावर नेमका आकडा

फोनमधलं गणकयंत्र आडवं धरलं की बहुतेक फोनांत साइन, कोसाइनची बटणं दिसू लागतात. ते अंशांवर म्हणजे डिग्रीवर ठेवलेलं आहे ना, हे आधी पाहा. रेडियनवर असेल तर पुढचं सगळं चुकेल.

पहिली पायरी, रेखांशांतला फरक. एक पूर्व आणि एक पश्चिम असेल तर बेरीज, दोन्ही पूर्व असतील तर वजाबाकी. बेरीज १८० च्या पुढे गेली तर ती ३६० मधून वजा करा. मोपा ते लिस्बन: ७३.८६ अधिक ९.१३, म्हणजे ८२.९९.

दुसरी पायरी, दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार. साइन १५.७४ म्हणजे ०.२७१३, साइन ३८.७७ म्हणजे ०.६२६२. गुणाकार ०.१६९९.

तिसरी पायरी, दोन्ही अक्षांशांची कोसाइन आणि रेखांश-फरकाची कोसाइन, तिघांचा गुणाकार. ०.९६२५ गुणिले ०.७७९७ गुणिले ०.१२२०, म्हणजे ०.०९१६. रेखांशांतला फरक ९० च्या वर असेल तर हा आकडा उणे येईल. घाबरू नका, तो तसाच ठेवा.

दोन्हींची बेरीज ०.२६१५. तिची उलट कोसाइन घ्या, म्हणजे cos⁻¹ लिहिलेलं बटण दाबा: ७४.८४ अंश. पृथ्वीवरचा एक अंश १११.२ किलोमीटरचा, म्हणून ७४.८४ गुणिले १११.२. उत्तर ८,३२२ किलोमीटर. तारवट्याला सागरी मैलात हवं असेल तर अंशांना ६० ने गुणा, कारण एक अंश म्हणजे ६० सागरी मैल. ते येतं सुमारे ४,४९०.

पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांपाशी थोडी चपटी आहे. त्यामुळे या उत्तरात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. आठ हजार किलोमीटरमागे चाळीसेक किलोमीटर, विमानाची तीन मिनिटं. त्याची चिंता करू नका. स्विंडनला जाणाऱ्यांनी हाच हिशेब लंडनच्या विमानतळांसाठी केला तर साडेसात हजार किलोमीटरच्या आसपास येईल.

वाटेतला थांबा कुठे आहे, यावर बरंच ठरतं

गोव्याहून लिस्बनला थेट विमान नाही. कुठेतरी उतरून दुसरं विमान धरावं लागतं. "मधे उतरलं की वाट लांबली" असं लोक धरून चालतात. ते किती खरं आहे हे प्रत्येक थांब्याला वेगळं तपासावं लागतं, आणि माझ्या मते सगळ्या हिशेबातला सर्वांत उपयोगाचा भाग हाच.

मोपा ते दोहा याच रीतीने काढा, २,५४० किलोमीटर येतं. दोहा ते लिस्बन ५,८१० येतं. बेरीज ८,३५०. थेट अंतर ८,३२० होतं. म्हणजे दोहात उतरल्यामुळे लांबलेली वाट फक्त तीसेक किलोमीटरची, म्हापसा ते मोपा जाऊन अर्ध्या वाटेने परत येण्याइतकी. लाल धागा ताणून पाहिलात तर कतार त्याच्या अगदी शेजारी दिसेल.

आता दिल्ली. मोपा ते दिल्ली १,४६५ किलोमीटर आणि दिल्ली ते लिस्बन ७,७६५. बेरीज ९,२३०. नऊशे किलोमीटर जास्त, कारण लिस्बन वायव्येला असताना आपण आधी सरळ उत्तरेला गेलो. दिल्लीहूनचं तिकीट स्वस्त पडलं, किंवा तिथे भाऊ राहतो आणि एक रात्र त्याच्याकडे काढायची आहे, तर जरूर जा. पण त्या स्वस्ताईत एक तासाहून जास्त हवेतला वेळ आपण देतो आहोत, हे माहीत असू द्या.

मुंबईची गोष्ट वेगळी. मोपाहून मुंबई चारशे किलोमीटरच्या आतच आहे आणि ती वाटेपासून फार दूरही नाही. तिथे वेळ खातात ती टर्मिनलं. देशांतर्गत विमान टर्मिनल एकला उतरलं आणि परदेशचं टर्मिनल दोनहून असलं, तर बाहेर पडून रस्त्याने पलीकडे जावं लागतं. सामान घेऊन मुंबईच्या रहदारीत. अशा वेळी दोन विमानांमध्ये मी चार तासांपेक्षा कमी ठेवत नाही.

किलोमीटरवरून तास

मोठी विमानं उंचावर ताशी सुमारे ९०० किलोमीटरने जातात. पण धावपट्टीपर्यंत सरकणं, चढणं, उतरणं आणि उतरण्याआधी आकाशात रांगेत थांबणं यात वेग कमी असतो, शिवाय विमानाची प्रत्यक्ष वाट धाग्याइतकी सरळ नसते. म्हणून माझा ठोकताळा असा: किलोमीटरला ८०० ने भागा आणि अर्धा तास मिळवा.

मोपा-दोहा: २,५४० भागिले ८०० म्हणजे ३ तास १० मिनिटं, अधिक अर्धा तास, एकूण ३ तास ४० मिनिटं. दोहा-लिस्बन: ७ तास १५ मिनिटं आणि अर्धा तास, म्हणजे पावणेआठ. दोहा-मायामी १२,३४० किलोमीटर, म्हणजे सोळा तासांना पाचेक मिनिटं कमी. वेळापत्रकातले आकडे याच्या जवळपासच सापडतील. मुंबईसारख्या छोट्या उड्डाणाला हा ठोकताळा लावू नका. तिथे उड्डाणापेक्षा धावपट्टीवरची गर्दी जास्त वेळ घेते, म्हणून सव्वा तास धरून चाला.

यात वाऱ्याची भर घाला. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्यांचे पट्टे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. विमान युरोपला जाताना वाऱ्याच्या विरुद्ध असतं, परत येताना वारा पाठीशी. म्हणून दोहा-लिस्बन जाताना पावणेआठऐवजी आठ तास धरा, आणि लिस्बन-दोहा येताना सात. "जायला जास्त आणि यायला कमी, तिकिटात चूक आहे का?" असं फोनवर विचारतात तेव्हा मी आधी वाऱ्याचं सांगते, मग घड्याळाचं.

आणखी एक गोष्ट मनावर घ्यायला हवी. आकाशातले रस्तेही बंद होतात. फेब्रुवारी २०२२पासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद आहे. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं, आणि दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या भारतीय विमानांना अरबी समुद्राकडून वळसा घ्यावा लागू लागला. मोपा-दोहा वाट मुळातच समुद्रावरून जाते, तिला त्याचा फटका नाही. पण आखातात तणाव वाढला की तिथलंही आकाश अचानक बंद होऊ शकतं. म्हणून जुनं तिकीट पाहून "गेल्या वेळी एवढेच तास लागले होते" असं गृहीत धरू नका.

घड्याळ एकच ठेवा, आपलं

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. गोंधळाचं मूळ हे आहे. उपाय साधा आहे: सगळ्या वेळा भारतीय वेळेत बदलून एका उभ्या ओळीत लिहा आणि मग वजाबाकी करा.

दोहा आपल्या अडीच तास मागे, बारा महिने. लिस्बन आणि लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार, कारण मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे येतात. मायामी हिवाळ्यात साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. पण अमेरिकेचा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. त्या मधल्या आठवड्यांत अमेरिका आणि युरोप यांच्यातला नेहमीचा फरक चालत नाही, त्यामुळे तेव्हाच्या तिकिटांना प्रत्येक गाव स्वतंत्र तपासा.

एक नमुना घेऊ. समजा हिवाळ्यात मोपाहून पहाटे ४ ला विमान निघतं. दोहाला स्थानिक ५:१५ ला उतरतं. तिथून ८ ला दुसरं निघतं आणि लिस्बनला दुपारी १ ला पोचतं. तिकीट वाचलं तर पहाटे चार ते दुपारी एक, नऊ तासांत लिस्बन! आता आपल्या घड्याळावर लिहा. मोपा ४:००. दोहाला उतरणं ७:४५. दोहाहून निघणं १०:३०. लिस्बन संध्याकाळी ६:३०. चार ते साडेसहा, म्हणजे साडेचौदा तास. त्यातले पावणेबारा तास हवेत आणि पावणेतीन दोहात.

परतीला याच्या उलट होतं. लिस्बनहून दुपारी ३ ला निघालात आणि मोपाला दुसऱ्या दिवशी सकाळी ८:४५ ला उतरलात, तर कागदावर पावणेअठरा तास दिसतात. पण लिस्बनचे हिवाळ्यातले दुपारचे तीन म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. साडेआठ ते पावणेनऊ, सव्वाबारा तास. जाताना तिकीट तास लपवतं, येताना वाढवून दाखवतं.

वयस्क माणूस एकटं निघालं असेल तर ही उभी ओळ मी मोठ्या अक्षरात कागदावर लिहून देते, आणि शेजारी औषधांसाठी जागा रिकामी ठेवते. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, यांच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना "सकाळी एक, रात्री एक" एवढंच माहीत असतं. पश्चिमेला जाताना तो दिवस लिस्बनपर्यंत साडेपाच तासांनी लांबतो. मग सकाळची गोळी कुठल्या सकाळी? हे डॉक्टरांनीच ठरवायचं. पण डॉक्टरांसमोर नुसतं तिकीट ठेवलंत तर तेही गोंधळतील. भारतीय वेळेतली ओळ ठेवा, ते तिथेच शेजारी वेळा लिहून देतात. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, चिठ्ठीसकट. सामानाच्या पेटीत टाकू नका.

थांब्याचे तास

दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असतील तर पेटी शेवटच्या विमानतळापर्यंत जाते, आणि पहिल्याला उशीर होऊन दुसरं चुकलं तरी पुढची सोय विमान कंपनी करते. दोन वेगवेगळी तिकिटं जोडलेली असतील तर ती जबाबदारी तुमची. सोबत कुणी नसलेल्या माणसाला मी अशी जोड कधीच करून देत नाही, कितीही स्वस्त पडो.

शेंगेन देशांत, म्हणजे आपसात सीमेवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपातल्या देशांत, पासपोर्ट पहिल्यांदा कुठे तपासला जातो तेही पाहा. दोहामार्गे गेलात तर ती रांग लिस्बनलाच लागते, तिथून पुढे विमान धरायचं नसतं, त्यामुळे रांग लांबली तरी काही बिघडत नाही. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे गेलात तर ती रांग तिथे, दोन विमानांच्या मधे. पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्या मुलाची रांग वेगळी आणि भारतीय पासपोर्ट असलेल्या त्याच्या आईची वेगळी. दीड तासाचा थांबा त्याला पुरेल, तिला पुरेलच असं नाही. दोघं एकत्र निघाली असतील तर आईच्या रांगेचा वेळ धरा.

दारापासून दारापर्यंत

दाबोळी आणि मोपा यांच्यात सरळ रेषेत चाळीस किलोमीटर आहेत. लिस्बनच्या अंतरात त्याने वीसेक किलोमीटरचा फरक पडतो. हवेतला तो फरक विसरून जा. रस्त्यावरचा विसरू नका. पणजीहून मोपाला पोचायला तासभर धरावा. मडगावहून साठ-सत्तर किलोमीटर आहेत, जुवारीचा नवा पूल झाल्यापासून सुटसुटीत वाटतं, तरी मी दोन तास धरायला सांगते. काणकोणहून शंभराच्या आसपास, तिथल्या माणसाने तीन तास हातात ठेवावेत, पावसाळ्यात जास्त. बांदा, सावंतवाडीकडच्यांना मात्र मोपा अगदी अंगणात. पणजी, म्हापसा, मडगावहून कदंबच्या बसही मोपाला जातात, पण पहाटेच्या विमानाला बस मिळेल का हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

परदेशच्या विमानाला तीन तास आधी पोचायचं. म्हणजे वरच्या नमुन्यातल्या पहाटे चारच्या विमानासाठी रात्री एकला विमानतळ, आणि काणकोणच्या माणसाने रात्री दहाला घर सोडायचं. तारीख आदल्या दिवशीची! तिकिटावर १० तारीख पहाट ४ लिहिलेलं असेल तर घरून ९ तारखेच्या रात्री निघायचं. हे मी फोन करून पुन्हा सांगते आणि तोच वार त्यांच्याकडून वदवून घेते. लिस्बनचा विमानतळ शहरातच आहे, मेट्रोचं स्थानक तिथेच लागतं. पासपोर्टची रांग, पेटी आणि मेट्रो मिळून दोन तास धरा. काणकोणच्या घरापासून लिस्बनच्या घरापर्यंत सहा अधिक साडेचौदा अधिक दोन: साडेबावीस तास. "किती तास लागतात" या प्रश्नाचं त्या आईसाठीचं खरं उत्तर हे.

उलटा हिशेब, चवथीसाठी

पोचायची वेळ ठरलेली असेल तर शेवटापासून मागे यायचं. गोव्यात हा हिशेब सर्वांत जास्त लागतो तो चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला. समजा चवथ सोमवारी आहे आणि मुलगा मायामीला बोटीवरून उतरणार आहे. तो म्हणतो, शनिवारी रात्री ८ चं विमान आहे, रविवार अख्खा हातात आहे, आरामात पोचतो. आपल्या घड्याळावर मांडा. सप्टेंबरात मायामी साडेनऊ तास मागे, म्हणजे त्याचे शनिवार रात्रीचे आठ आपले रविवार पहाटेचे साडेपाच. वारा पाठीशी धरून दोहापर्यंत साडेचौदा तास, रात्री ८. तिथे अडीच तासांचा थांबा, साडेदहा. मोपापर्यंत साडेतीन तास, सोमवारी पहाटे २. इमिग्रेशन, पेटी, टॅक्सी, घरी पोचेपर्यंत साडेचार-पाच.

पूजेला तो पोचला. पण माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, आदल्या दिवशी बांधतात, आणि ती बांधायला घरातली तरुण मुलं लागतात. माटोळीला हात लावायचा असेल तर शुक्रवारचं विमान धरायला हवं. कंपनीकडून सुटीची तारीख मागून घ्यायच्या आधी हे कळलेलं बरं, कारण बोट बंदराला लागते तो वार आपल्या हातात नसतो. म्हणून चवथीच्या तारखा कॅलेंडरात आल्या की तारवट्यांच्या घरच्यांनी हा उलटा हिशेब करून मुलाला कळवावा. बोटीची बंदरं आधीच ठरलेली असतात, कुठल्या बंदराहून उतरलं तर माटोळीला पोचता येईल हे तो त्यावरून सांगू शकतो.

रुजू होताना हीच रीत वापरा. बोट शनिवारी सकाळी मायामी सोडणार असेल तर आदल्या रात्री तिथे झोपलेलं असणं गरजेचं, म्हणजे मोपाहून किमान शुक्रवारी पहाटे निघणं. हिवाळ्यात शुक्रवारी पहाटे ४ ला निघालेला माणूस दोन उड्डाणं आणि तीन तासांचा थांबा धरून आपल्या शनिवारी पहाटे तीनच्या सुमारास मायामीला उतरतो. तिथे तेव्हा शुक्रवार दुपारचे साडेचार झालेले असतात. एक विमान उशिरा झालं तर रात्र हातात उरते, त्याहून जास्त काही उरत नाही. कंपनी एक दिवस आधीचं तिकीट देत असेल तर ते नाकारू नका.

शेवटी, तिकीट काढल्यापासून निघेपर्यंत वेळा बदलतात. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटाला विमान कंपन्यांची हंगामी वेळापत्रकं बदलतात, त्या आसपासचं तिकीट असेल तर निघण्याच्या आठवडाभर आधी आणि पुन्हा आदल्या दिवशी वेळ तपासा, आणि भारतीय वेळेची ओळ नव्याने लिहा. जुना कागद फाडून टाका, म्हणजे विमानतळावर हातात एकच कागद असेल.